पोतं आपटू नका

हिंगोली जिल्ह्यात नवं ज्ञान आलं की त्याची पहिली खबर मला लागते, कारण ज्ञानाला मंडप लागतो. मी मुजफ्फर मंडपवाला. आखाडा बाळापूरला बाजाराच्या रस्त्यावर माझं दुकान, आणि आमचं गाव तिथून जवळच. लग्नं, प्रचारसभा आणि कार्यशाळा ही माझी गिऱ्हाइकं. लग्नात माणसं जेवायला येतात आणि तसं कबूलही करतात. कार्यशाळेतही जेवायलाच येतात, पण छातीवर बिल्ला लावून येतात.

अशा कार्यशाळा मी बक्कळ पाहिल्या आहेत. पाणी वाचवण्याच्या एका कार्यशाळेत पाहुण्यांच्या बुटांना धूळ लागू नये म्हणून सकाळपासून टँकरने मैदानावर पाणी मारलं होतं. त्यामुळे विजयकुमार सर पहिल्यांदा दुकानात आले आणि "आपल्याला संशोधन शेतकऱ्याच्या बांधापर्यंत न्यायचंय" असं म्हणाले, तेव्हा मी एवढंच विचारलं, "खुर्च्या किती लागतील?"

सर कुठल्याशा संस्थेत अंमलबजावणीचे प्रमुख होते. संशोधन दुसऱ्याने करायचं आणि ते लोकांच्या वापरात कसं आणायचं, याचा आराखडा सरांनी करायचा, अशी वाटणी. कडक इस्त्रीचा सदरा, आणि बोलताना दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढायची सवय. माझ्या दुकानात उभ्या उभ्या त्यांनी पाचसहा चौकोन काढले. त्या चौकोनांत काय भरायचं ते मात्र शेवटपर्यंत त्यांनाही ठरवता आलं नाही.

संशोधन केलं होतं प्रतिक्षाने. नरसी नामदेवकडची पोरगी, शेतकऱ्याचीच. तीन हंगाम तिने आमच्या शिवारात काढले. सोयाबीनचं घरचं बी पेरलं की ते उगवत नाही, मग माणसं दुकानातल्या पिशव्यांच्या मागे लागतात. तर घरचं बी काहून उगवत नाही, हा तिचा प्रश्न. तिने खळ्याखळ्यावरचं बी जमवलं, तपासलं आणि उत्तर शोधून काढलं. सोयाबीनचं टरफल फार पातळ. मळणीचं यंत्र, म्हणजे आमचा हडंबा, भन्नाट फिरवला की दाणा आतून दुखावतो. त्यातून वाचलाच, तर आपण पोतं खांद्यावरून धाडकन आपटतो, तेव्हा मरतो. वरून दाणा टकाटक दिसतो, आत काही राहिलेलं नसतं.

सगळं संशोधन एका वाक्यात मावत होतं. बियाचं सोयाबीन मंद मळा आणि पोतं आपटू नका. हे वाक्य तिने पहिल्यांदा सांगितलं ते पार्वतीबाईंना, ऐन मळणीच्या दिवसांत, त्यांच्याच खळ्यावर चहा पिताना.

पार्वतीबाई माझ्या शेजारच्या. आमची भिंत एक आहे. त्यांचा नवरा संतराम माझ्याच वयाचा, स्वभावाने वाईट नाही, पण बायकोने सांगितलेली गोष्ट बाहेरच्या कुणीतरी पुन्हा सांगितल्याशिवाय त्याला पटत नाही. आदल्या साली दुकानातून आणलेलं बी निम्मं उगवलंच नव्हतं आणि पेरणी मोडून पुन्हा पेरावं लागलं होतं. तेव्हाच पार्वतीवहिनी म्हणाल्या होत्या, "पुढल्या साली आपण घरचं बी ठिवू." संतराम पारावर दहा माणसांत हसत म्हणाला, "ठिव की. उगवलं तर याच्यापुढं बियाण्याचं सगळं तू बघायचं. न्हाई उगवलं तर पुन्हा या गोष्टीत तोंड उघडायचं न्हाई. बोल, हाय कबूल?"

"कबूल," वहिनी म्हणाल्या. पारावरची माणसंही हसली. पंचवीस वर्षं त्या शेतात राबल्या, निंदलं, खुरपलं, कापलं; पण काय पेरायचं हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांना ते मनापासून हवं होतं.

मग त्यांनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हडंबेवाल्याच्या शेजारी उभ्या राहून, त्याच्याशी कचाकचा भांडून त्यांनी हडंबा मंद फिरवायला लावला. बियाची चार पोती बैलगाडीतून उतरवायला मला हाक मारली. एका बाजूने त्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूने मी, आणि झोपलेलं लेकरू खाली ठेवावं तशी ती पोती आम्ही फळ्यांवर ठेवली. पोत्यांची तोंडं त्यांनी जुन्या लुगड्याच्या लाल काठाने शिवली. एकदा संतराम चपलेचा बंद लावायला पोत्यावर टेकला, तर त्याला हाताला धरून उठवलं. पुढे ऊन तापू लागल्यावर त्यांनी एका पोत्याचं तोंड सोडून मूठभर बी काढलं, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलं आणि काही दिवसांनी उघडलं. जवळजवळ सगळ्या दाण्यांना पांढरेशुभ्र मोड. ते गोणपाट घेऊन त्या साऱ्या गल्लीत फिरल्या. संतराम ओसरीवर बसून बघत होता. म्हणाला, "गोणपाटात उगवलं म्हंजी रानात उगवलं असं न्हाई." पण आवाज पडलेला होता.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. प्रतिक्षाने एका बाईला एक वाक्य सांगितलं, बाईने ऐकलं, बी जगलं. प्रतिक्षा त्याच मळणीत उरलेल्या खळ्यांवर जाऊन तेच वाक्य सांगणार होती. तेवढ्यात सरांचा फोन आला. संशोधन आता उपयोजनाच्या टप्प्यात गेलं आहे, तेव्हा आराखडा मंजूर होईपर्यंत कुणी परस्पर शेतकऱ्यांशी बोलायचं नाही.

"काहून?" मी तिला विचारलं.

"संदेशात एकवाक्यता राहत नाही म्हणे," ती म्हणाली.

एकच वाक्य होतं. त्यात आणखी एकवाक्यता कुठून आणणार होते, अल्ला जाणे. पण पोरगी कंत्राटावर होती, गप्प बसली. आणि आमच्या साऱ्या तालुक्याची मळणी त्या वर्षी पोती आपटत आपटत पार पडली.

इकडे आराखडा सुरू झाला. पहिली कार्यशाळा झाली ती आराखडा म्हणजे काय हे समजून घेण्यासाठी. दुसरी झाली ती या ज्ञानाशी कुणाकुणाचा संबंध येतो हे ठरवण्यासाठी. सरांनी भिंतीला मोठा कागद लावला आणि त्यावर नावं लिहून रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. बियाणे दुकानदार आले, बँकवाले आले, पत्रकार आले, बचत गटाच्या ताई आल्या, एक योगशिक्षकही आले. मी मागे पंख्याची वायर धरून उभा होतो. मी म्हणालो, "सर, यात फुलसिंगचं नाव न्हाई."

"कोण फुलसिंग?"

"हमाल. आमच्याकडची समदी पोती तोच उचलतो, आन् तोच आपटतो."

सर हसले. इतकं गोड हसले की मला माझीच कीव आली. म्हणाले, "मुजफ्फरभाई, आपण सध्या धोरणाच्या पातळीवर आहोत. हमाल पातळी नंतर."

ज्या हातांनी पोतं आपटलं जातं ते हात सोडून बाकी सगळा जिल्हा त्या कागदावर होता. बरं, फुलसिंग काही लांब नव्हता. त्याच वेळी तो बाहेर माझ्या टेम्पोतून खुर्च्या उतरवत होता.

आराखडा तयार झाला तेव्हा त्यात बारा टप्पे होते. गुळगुळीत कागद, वर हिरवं पान, आत सरांचा फोटो. "पोतं आपटू नका" हे वाक्य मी त्यात खूप शोधलं, नाही सापडलं. "हाताळणीविषयक वर्तनबदल" असं काहीतरी होतं. ते वाचून आमच्या गावातला कुणीही माणूस पोतं आपटायचा थांबला नसता, उलट आराखडाच आपटला असता.

मे महिन्यात शुभारंभ ठरला आणि तो आमच्याच गावात. कारण आराखड्याला एक यशोगाथा लागते आणि ती पार्वतीबाईंच्या घरात फळ्यांवर ठेवलेली होती. सर दोनदा येऊन पोती बघून गेले. वहिनींनी निक्षून सांगितलं, "या, बघा, फोटू काढा. पण पोत्याला हात लावायचा न्हाई. पेरणीला महिना राह्यला."

"छे छे," सर म्हणाले. "तेच तर आपलं ज्ञान आहे."

शुभारंभाच्या दिवशी सकाळी जीप आली आणि वहिनींना हिंगोलीला घेऊन गेली. त्यांची मुलाखत रेकॉर्ड करून घ्यायची होती. सोबत प्रतिक्षालाही पाठवलं. मी गावाबाहेरच्या मैदानावर कनाती ताणत होतो, तर संतराम येताना दिसला. डोक्याला गुलाबी फेटा. मागून ट्रॅक्टरची ट्रॉली, ट्रॉलीत फुलसिंग, आणि फुलसिंगच्या पायाशी लाल काठाने शिवलेली तीन पोती. चौथं पोतं तोंड सुटलेलं म्हणून त्यांनी घरीच सोडलं होतं.

माझ्या हातातली दोरी सुटली. "संतराम, ती पोती कुठं घेऊन चालला?"

"सायबाला पायजेत. आपल्या पोत्याचं शूटिंग हाय," संतराम म्हणाला. फेट्यामुळे त्याची मान वळत नव्हती, सगळा माणूसच वळत होता. "मला बी स्टेजवर बसवून राहिले."

शूटिंग काय होतं? तर कार्यक्रमात पडद्यावर एक फिल्म दाखवायची होती. तिचे दोन भाग. पहिला भाग, चुकीची पद्धत. दुसरा भाग, बरोबर पद्धत. चुकीच्या पद्धतीत पोतं ट्रॉलीवरून जोरात खाली आपटायचं. आणि सगळ्या जगातली पोती सोडून आपटायला आणली होती बियाची पोती.

मी सरांसमोर जाऊन उभा राहिलो. "सर, ते बी हाय. ते आपटलं तर मरंल. तुमचंच संशोधन हाय ना?"

"मुजफ्फरभाई, चुकीची पद्धत दाखवल्याशिवाय लोकांना चूक कळणार कशी?"

"मग भुसा भरा की पोत्यात, आन् आपटा किती आपटायचा तो."

कॅमेरावाला मध्येच म्हणाला, "भुशाचा आवाज येत नाही."

सरांनी मान डोलावली. आवाजाचा मुद्दा त्यांना पटला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही मंडपाचं बघा. हे प्रतीकात्मक आहे."

मी संतरामकडे गेलो. त्याला म्हणालो, वहिनीला तरी येऊ दे. तो म्हणाला, "आरं, सायेब काय येडे हायेत काय? त्यांचंच बी तेवढं त्यांना कळत न्हाई व्हय?" तिथे माझं काही चालेना. ट्रॉलीवरच्या फुलसिंगला तर कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्याला म्हणाले आपट, त्याने आपटलं. पहिल्यांदा ऊन कॅमेऱ्यावर आलं. दुसऱ्यांदा फुलसिंग कॅमेऱ्याकडे बघून हसला. मग पोतं चौकटीच्या बाहेर पडलं, मग कुत्रं आडवं गेलं. दर वेळी तीच तीन पोती पुन्हा ट्रॉलीवर चढवायची आणि पुन्हा खाली. कॅमेरावाला ओरडत होता, "जरा जोरात! मनापासून!" आणि त्या कडक जमिनीवर प्रत्येक वेळी जो आवाज यायचा, तो मला अजून ऐकू येतो. मला त्या माणसांची शिसारी आली.

बरोबर पद्धतीचा भाग राहूनच गेला. पाहुण्यांच्या गाड्या आल्या होत्या. सर म्हणाले, तो नंतर घेऊ.

तीन पोती स्टेजवर नेऊन ठेवली. नेऊन ठेवली म्हणजे काय ते सांगायला नको. वर झेंडूचे हार घातले, कुंकू लावलं. प्रमुख पाहुण्यांनी पोत्यांची पूजा केली, नारळ फोडला. सरांचं भाषण झालं. ज्ञान आणि वापर यांच्यामधली दरी बुजवण्याबद्दल ते बरंच बोलले. तोवर जीप आली आणि वहिनी आणि प्रतिक्षा पहिल्या रांगेत येऊन बसल्या. वहिनींनी ठेवणीतली साडी नेसली होती. मंडपात लोकांची गर्दी होती आणि स्टेजवरची पोती पाहुण्यांच्या खुर्च्यांमागे होती. त्यांना दिसली नाहीत.

मग पडदा उजळला. "चुकीची पद्धत" अशी मोठी अक्षरं आली. फुलसिंगने पोतं डोक्याच्या वर उचललं आणि खाली आपटलं. धाड. धूळ उडाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेऱ्याने पोत्याचं तोंड जवळून दाखवलं. लाल काठ.

वहिनी उभ्या राहिल्या. "ती माझी पोती हायेत," त्या म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. पडद्यावर दुसरं पोतं आपटलं. त्या ओरडल्या, "बंद करा! आवं, माझं बी हाय ते! बंद करा!" त्यांचा आवाज चिरकला. संतराम स्टेजवर फेटा सावरत हसत होता, त्याला वाटलं बायको कौतुकाने ओरडतेय. आणि सरांनी माइक हातात घेतला. "पाहा मंडळी, आपल्या भगिनींचा किती उत्स्फूर्त प्रतिसाद!"

पुन्हा टाळ्या. मी जाऊन जनरेटर बंद केला. मंडपवाल्याच्या हातात तेवढंच असतं.

प्रतिक्षा सरांना गाठून म्हणाली, "सर, हे बी आता गेलं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "अहवालात संभाव्य जोखीम म्हणून त्याची नोंद घेऊ. तू जेवलीस का?"

फुलसिंग मंडपामागे येऊन उभा राहिला. वहिनी तिथे, स्टेजवरून उतरवलेल्या पोत्यांपाशी बसल्या होत्या, हाराकडे बघत. तो म्हणाला, "बाई, मला कुणी सांगितलंच न्हाई. आजवर किती पोती आपटली म्या. आपटल्यानं बी मरतंय हे मला ठावंच नव्हतं."

वहिनींनी त्याला ते एक वाक्य सांगितलं. त्याने एकदा ऐकलं आणि त्या दिवसापासून पोतं आपटायचं सोडलं. बाराही टप्पे झाले त्याचे.

तीनही पोती परत घरी आली. वहिनींनी दोन गोणपाटं ओली केली. एकात घरी राहिलेल्या पोत्यातलं बी, एकात हार घातलेल्या पोत्यांतलं. प्रतिक्षा सुट्टी टाकून ते बघायला आली होती. पहिल्या गोणपाटात मोडच मोड. दुसऱ्यात निम्म्याहून जास्त दाणे नुसते फुगून, चिकट होऊन पडलेले. वास येत होता.

वहिनींनी दोन्ही गोणपाटं ओसरीवर संतरामच्या पुढ्यात पसरली. "हे म्या ठिवलेलं. आन् हे तुमी दिलेलं. हे पेरू नका. हे उगवणार न्हाई."

आता खरी मजा बघा. सगळं साल जो माणूस घरच्या बियाला हसत होता, तो म्हणाला, "काहून उगवणार न्हाई? सायबानं पूजा केली त्याची. एवढा मोठा पाव्हणा हार घालून गेला. पेपरात फोटू आला. आन् तू चार दाणे भिजवून मला सांगून राहिली?"

"तुमीच म्हणत व्हता घरचं बी उगवत न्हाई म्हणून!"

"तवा ते घरचं व्हतं," संतराम म्हणाला. त्याला यात काही चूक दिसत नव्हती. "आता अभियानाचं हाय. तू बोलली व्हती ना घरचं बी पेरू? मग पेरू. आता काहून मागं सरती? पारावर कबूल केलंय तू."

वहिनी अडकल्या. पेरू नका म्हणाव्या तर त्यांचाच शब्द मोडतो, आणि पेरू दिलं तर उगवणार नाही हे डोळ्यांसमोर दिसत होतं. दोन्हीकडून हरायचं त्यांनीच. त्या रात्री भिंतीपलीकडून मला भांडण ऐकू आलं नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

सकाळी त्या म्हणाल्या, "ही तीन पोती तुमची. सडकेकडच्या रानात पेरा. हे एक माझं. विहिरीकडचा तुकडा मी पेरते."

पेरणी झाली. सडकेकडच्या रानात हाराची पोती रिकामी झाली, संतरामने पेरताना फेटा बांधला होता. विहिरीकडे वहिनींनी पेरलं. आठवड्याने मी पलीकडच्या बांधावरून, धुऱ्यावरून चाललो होतो. विहिरीकडे रोपांच्या ओळी, तासच्या तास, हिरव्या उभ्या होत्या, मोजून लावल्यासारख्या. सडकेकडे इकडे एक रोप, तिकडे दोन, आणि मध्ये नुसती काळी माती. संतराम त्या रानात खाली बसून बोटाने माती उकरत होता. एक दाणा काढायचा, दाबून बघायचा, टाकून द्यायचा. मला त्याचा राग होता, तरी हाक मारवली नाही.

जुलैत सर आले. गाडीच्या टपावर मोठा फलक बांधलेला. "संशोधनातून शिवाराकडे : यशस्वी प्रात्यक्षिक." खाली संस्थेचं नाव, सरांचं नाव, अगदी खाली बारीक अक्षरांत शेतकऱ्याचं नाव, संतराम. फलक उभा करायला बांबू आणि पहार घेऊन मला बोलावलं होतं. वाटेत सर मला म्हणाले, "दुसरा टप्पा मंजूर झाला बरं का. शेतकरी नवं ज्ञान का स्वीकारत नाहीत, यावर तीन दिवसांची कार्यशाळा. मंडप तुमचाच."

मी बांबू मोजत बसलो. बोललो असतो तर शिवी गेली असती.

सडकेवर गाडी थांबली. सरांनी काच खाली करून रान बघितलं आणि काच वर केली. मग खाली उतरले, डोळ्यांवर हात धरून लांब बघितलं. "ते विहिरीजवळचं हिरवंगार कुणाचं?"

"संतरामच्या घरचंच," मी म्हणालो.

"मग तिकडेच लावू की फलक! रस्त्यावरून दिसेल असा जरा तिरका."

गाडी विहिरीपर्यंत नेली. वहिनी तिथल्या धुऱ्यावर खुरपं घेऊन उभ्या होत्या, शेजारी संतराम. सर जवळ गेले, नमस्कार केला, अभिनंदन केलं. वहिनींनी फलक नीट वाचून घेतला. मग माझ्याकडे वळल्या.

"मुजफ्फरभाई, खड्डा तिकडं घ्या. सडकेच्या रानात."

"अहो ताई, तिथे तर काही उगवलेलंच नाही," सर म्हणाले.

"व्हय. तुमचं प्रात्यक्षिक तिथंच हाय."

सर संतरामकडे वळले. घरचा पुरुष, फेटेवाला, नाव फलकावर असलेला. "संतरामजी, तुम्ही सांगा यांना."

संतराम इतका वेळ मान खाली घालून उभा होता. त्याने गाडीच्या टपावरचा फलक सोडवला, पाठीवर घेतला आणि सरळ सडकेच्या रानात चालायला लागला. मी पहार घेऊन मागे गेलो. इतका मनापासून खड्डा मी आजवर खणला नाही. बांबू घट्ट रोवला, भोवती दगड ठोकले. वर "यशस्वी प्रात्यक्षिक" आणि खाली काळी, मोकळी जमीन. सर सडकेवरून काहीतरी बोलत होते. मग कॅमेरावाल्याला म्हणाले, खालून वर घे, मागे आभाळ येऊ दे. तसा फोटो काढला आणि गेले.

संतराम तिथून परत आला. वहिनी पुन्हा खुरपायला बसल्या होत्या. तो धुऱ्यावरच थांबला, तुकड्यात पाय ठेवला नाही. तिथूनच घसा खाकरला.

"पुढल्या साली," तो म्हणाला, "बियाची किती पोती ठिवायची?"

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याने हे विचारलं होतं, आणि विचारताना त्याला माझी लाज वाटत होती. मी पहार पुसत राहिलो. वहिनींनी हातातलं तास संपवलं, मग मान वर केली.

"ते मी बघते," त्या म्हणाल्या. "तुमी आधी हडंबेवाल्याकडं जा. मंद फिरवायचं कबूल करून घ्या. आन् जाताना फेटा बांधू नका."